द ब्लू लॅम्प: अण्णांच्या शेजारी बसून बघितलेला 1950 चा पोलिसांचा पिक्चर

बरेच दिवस लिहायचं होतं या पिक्चरबद्दल, आज बसलेच. अण्णा म्हणजे माझे वडील, 34 वर्षं मुंबई पोलिसात होते, शिपाई म्हणून लागले आणि एएसआय म्हणजे सहाय्यक फौजदार होऊन रिटायर झाले, आमचं सगळं लहानपण नायगावच्या पोलीस लाईनीत गेलं. त्यामुळे पोलिसांवरचा कुठलाही पिक्चर आमच्या घरात नीट बघून होत नाही, कारण दहाव्या मिनिटाला अण्णा उठून जातात. टोपी अशी घालतात का, पंचनामा असा करतात का, साहेबाशी शिपाई असा बोलतो का, हे सगळं त्यांना दिसतं आणि सहन होत नाही. हा एकच पिक्चर असा की जो त्यांनी शेवटपर्यंत बघितला आणि तोसुद्धा इंग्रजी, ब्लॅक अँड व्हाईट, आणि ज्या देशात ते कधी गेले नाहीत तिथला.

डिस्क भावाने लंडनहून पाठवली. घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, डीव्हीडीला देशांप्रमाणे रीजन म्हणून नंबर असतो, तिकडचा 2 आणि आपल्याकडचा 5, त्यामुळे घरातल्या साध्या प्लेअरवर ती चालली नाही, मी लॅपटॉपवर लावून टीव्हीला जोडली. पिक्चर फक्त 84 मिनिटांचा आहे. पण आम्हाला अडीच तास लागले कारण लंडनच्या गल्लीबोळातलं ते इंग्रजी अण्णांना कळत नाही, मलाही सगळं पहिल्यांदा कळत नाही, म्हणून मी थांबवत होते, मराठीत सांगत होते, आणि परत लावत होते.

आता थोडं मागचं सांगते, कारण ते माहीत नसेल तर हा पिक्चर नुसता चोर-पोलीस वाटेल. शूटिंग 1949 चं, रिलीज जानेवारी 1950. लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली, लंडनमध्ये बॉम्बने पडलेली घरं तशीच उभी, रेशनिंग अजून चालू (ते पूर्ण संपलं जुलै 1954 मध्ये), आणि शहरात बंदुका फिरत होत्या, कुणी लढाईवरून आणलेल्या, कुणी पळून आलेल्या सैनिकांकडून घेतलेल्या. ज्या पोरांचं शाळेचं वय लढाईत गेलं, बाप आघाडीवर, आई फॅक्टरीत, रात्र तळघरात, ती पोरं आता 17-18-20 ची झाली होती. एप्रिल 1947 मध्ये सोहोजवळ शार्लट स्ट्रीटला तीन तरुण पोरांनी दुकान लुटायचा प्रयत्न केला आणि पळताना आडव्या आलेल्या एका मोटरसायकलवाल्याला गोळी घातली, अॅलेक डी अँटिक्विस नाव त्याचं, रस्त्यावरच गेला तो. त्यातले दोघे फासावर गेले आणि तिसरा 17 वर्षांचा होता म्हणून वाचला. मग फेब्रुवारी 1948 मध्ये साउथगेटला नॅथॅनियल एडगर नावाच्या पोलीस शिपायाला सैन्यातून पळालेल्या डोनाल्ड थॉमसने मारलं, एडगर नुसता त्याला हटकत होता, नाव-पत्ता वहीत लिहून घेत होता, आणि त्या वहीत लिहिलेल्या नावामुळेच थॉमस सापडला. हे सगळं लोकांच्या डोक्यात ताजं असताना हा पिक्चर आला आणि त्या वर्षी ब्रिटनमध्ये थिएटरं भरभरून चालला, बाफ्टा म्हणजे तिकडच्या सिनेमाच्या मोठ्या पुरस्कारांत सगळ्यात चांगल्या ब्रिटिश पिक्चरचं बक्षीसही मिळालं.

ईलिंग स्टुडिओचा पिक्चर, दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. नावातला निळा दिवा म्हणजे तिकडच्या पोलीस ठाण्याच्या दारावर लावलेला दिवा, 1861 पासूनची पद्धत आहे ती. ठाणं पॅडिंग्टन ग्रीनचं. बरंचसं शूटिंग खऱ्या रस्त्यांवर केलंय, हॅरो रोड, एजवेअर रोड, कालव्याचा काठ, आणि यातला बराच भाग आता राहिलाच नाहीये कारण पुढे तिथून वेस्टवे नावाचा उंच हायवे गेला, 1970 मध्ये. म्हणजे पडदाभर जे शहर दिसतं ते बऱ्यापैकी पुसलं गेलंय, चाळीसारखी घरं, कोपऱ्यावरची दुकानं, रस्त्यात खेळणारी पोरं.

गोष्ट साधी आहे. जॉर्ज डिक्सन नावाचा शिपाई, रिटायरमेंट जवळ आलेली, अजून काही वर्षं वाढवून घ्यावीत का या विचारात. जॅक वॉर्नरने केलाय हा रोल. त्याच्या हाताखाली नवा भरती झालेला पोरगा येतो अँडी मिचेल, त्याला राहायला जागा नाही, तर डिक्सन त्याला घरीच आणतो, आणि डिक्सनच्या बायकोने त्याला जी खोली दिली ती त्यांच्या मुलाची, जो लढाईत गेला. यावर कुणी भाषण देत नाही. खोली रिकामी होती, पोरगा आला, राहिला. मला ही गोष्ट फार आवडली कारण लाईनीत असंच असतं, गावाकडून भरतीला आलेला कुणाचा तरी भाचा, कुणाचा गाववाला, तो सहा-सहा महिने कुणाच्याही घरी जेवतो आणि त्याला कुणी परका म्हणत नाही. आमच्याकडे सातारचा एक जण होता, आई त्याचा डबा माझ्या डब्याच्या आधी भरायची कारण त्याची हजेरी सकाळी सहाची असायची.

पहिला अर्धा तास म्हटलं तर काहीच होत नाही आणि तोच अर्धा तास अण्णांना सगळ्यात जास्त आवडला. शिपाई बीटवर, म्हणजे आपापल्या ठरलेल्या गस्तीच्या भागात चालतायत, रात्री दुकानांची कुलपं ओढून बघतायत, कुणी रस्ता विचारतोय, ठाण्यात टेबलावर बसलेला सार्जंट कुणाची तरी हरवलेली गोष्ट लिहून घेतोय, कँटीनमध्ये चहा चाललाय, एक वेल्श शिपाई सगळ्यांना धरून कोरसची प्रॅक्टिस घेतोय. मी एकदा विचारलं, कंटाळा येतोय का, पुढे नेऊ का, तर म्हणाले, "नको, हेच तर बघायचंय, असंच असतं बघ, नाईटला कुलपं हलवून बघायची, हाताला सवय लागते." त्यांनी हात पुढे करून कुलूप ओढल्यासारखं करून दाखवलं, आणि मला एकदम आठवलं की बाजारात चालताना ते अजूनही बंद दुकानाच्या कुलपाला हात लावतात, मला वाटायचं उगाच सवय आहे काहीतरी.

मग येतात ती पोरं. टॉम रायली आणि त्याचा जोडीदार स्पड. रायली झालाय डर्क बोगार्ड, जो पुढे फार मोठा नट झाला, पण इथे तो नुसता एक हडकुळा, तिखट, सतत काहीतरी सिद्ध करायला निघालेला पोरगा आहे. सोबत डायना म्हणून सतरा वर्षांची मुलगी, घरातून पळून आलेली, बापाचा मार चुकवून. पिक्चरमधला निवेदक सांगतो की ही पोरं जुन्या चोरांसारखी नाहीत, यांना ना धंद्याची शिस्त ना भीती, जुने सराईत लोकसुद्धा यांना जवळ करत नाहीत. हे निवेदन मला जरा जड वाटलं, सुरवातीलाच मास्तरासारखं सांगून टाकतात की गुन्हे वाढलेत आणि पोलीस कमी आहेत, ते सांगायची गरजच नव्हती कारण बोगार्डचा चेहरा तेच जास्त चांगलं सांगतो.

एक सीन आहे, खोलीत रायली पिस्तूल घेऊन बसलाय, डायना घाबरतेय, आणि तो ते मुद्दाम तिच्याकडे रोखतो, गंमत म्हणून. तिची भीती बघून त्याला बरं वाटतं. आणि मग तो भीतीबद्दलच बोलतो, की भीती वाटण्यात एक मजा असते, एक नशा असते. या सीनमध्ये कळतं की हा पोरगा पैशासाठी चोरी करतच नाहीये फारशी. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी घाबरतंय. आजही चौकात गाडी आडवी लावून उभी राहणारी पोरं बघते तेव्हा मला हेच दिसतं, पण 1949 मध्ये कुणी हे इतकं नेमकं पकडलं असेल असं वाटलं नव्हतं.

आता मुख्य प्रसंग. हे सांगितल्याशिवाय रिव्ह्यू लिहिता येत नाही, आणि 75 वर्षांपूर्वीचा पिक्चर आहे, तेव्हा सांगतेच. पोरं आधी एका जवाहिऱ्याकडे चोरी करतात, मग सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीवरचा गल्ला लुटायचं ठरवतात. त्याआधी एजवेअर रोडच्या नाट्यगृहात जाऊन चेहरा दाखवून येतात, म्हणजे नंतर विचारलं तर आम्ही तिथे होतो असं सांगता येईल. लुटताना डिक्सन तिथे पोचतो. त्याच्याकडे पिस्तूल नाही, तिकडचे शिपाई तेव्हाही साधे बिनहत्यारी असायचे. रायली ओरडतो, मागे हो, हे पिस्तूल खरंच चालतं. डिक्सन त्याला दटावतो, टाक ते खाली, आणि पुढे चालत जातो.

अण्णांनी इथे हात वर केला आणि मी पिक्चर थांबवला. म्हणाले, "त्या पोराचा हात बघ." मी परत मागे नेऊन बघितलं. हात थरथरतोय, चेहरा घामेजलाय, आवाज चढलाय, आणि डिक्सन मात्र शांत आहे, एखाद्या शेजारच्या पोराला रागावावं तसा. अण्णा म्हणाले, "डिक्सनची चूक तीच झाली. त्याला वाटलं पोरगा घाबरलाय म्हणजे पिस्तूल टाकेल. घाबरलेलाच सोडतो गोळी." आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी मी 40 वर्षांत कधी ऐकली नव्हती, की ते नवीन असताना एका चाळीत अठरा-एकोणीस वर्षांच्या एका पोरासमोर उभे होते, त्याच्या हातात चॉपर, अण्णांच्या हातात काठी, जिन्यात अंधार, आणि त्याचा हात असाच थरथरत होता. "मी पुढे नाही गेलो," म्हणाले, "मी जिन्याच्या पायरीवर बसलो. त्याला म्हटलं मी दमलोय, तू पण बस." तो बसला नाही, पण थोड्या वेळाने त्याने चॉपर खाली ठेवला आणि रडायला लागला. हे सांगताना अण्णांचा आवाज अगदी साधा होता, भाजी आणायला गेलो होतो असं सांगावं तसा. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती, तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

डिक्सनला गोळी लागते. तो लगेच मरत नाही, दवाखान्यात नेतात, ऑपरेशन होतं, ठाण्यात सगळे बातमीची वाट बघतात. आणि मग तो सीन येतो ज्यासाठी मी हा पिक्चर कुणालाही घ्यायला सांगेन. डिक्सनची बायको घरात आहे, ग्लॅडिस हेन्सन नावाच्या बाईंनी केलंय हे काम, दवाखान्यात न्यायला म्हणून तिने बागेतली फुलं काढलीत, डिक्सनला बागेचा नाद. अँडी आत येतो. त्याला काही बोलावं लागत नाही, तिला कळतं. आणि ती काय म्हणते, तर ही फुलं पाण्यात ठेवायला हवीत. एवढंच. ती वळते, फुलं ठेवायला जाते, आणि मग तिथे मोडून पडते.

पार्श्वसंगीत वाजत नाही, कॅमेरा चेहऱ्यावर धावून जात नाही. आमच्या लाईनीत कुणाच्या घरी असा निरोप आला की बायका आधी गॅस बंद करायच्या. खरंच, मी स्वतः बघितलंय, समोरच्या काकूंच्या दारात दोन साहेब आले तेव्हा काकूंनी त्यांना आत या म्हटलं, आत जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला, पदराने हात पुसले आणि मग बाहेर आल्या. माणसाचं मन त्या क्षणी हाताला काहीतरी काम देतं. हे लिहिणाऱ्याने कुठेतरी बघितल्याशिवाय लिहिलं नसणार. आईने इथे डोळ्याला पदर लावला आणि अण्णा खिडकीकडे बघत राहिले, मी काहीच भाषांतर केलं नाही, गरजच नव्हती.

यानंतरचा भाग तपासाचा, आणि तो चांगला असला तरी आधीच्या तोडीचा नाही असं माझं मत आहे. पिस्तूल कालव्याकाठी एका छोट्या मुलीला सापडतं, आणि तिच्याकडून ते कुठे सापडलं हे काढून घेण्याचा सीन मात्र फार गोड आहे, शिपाई तिच्याशी तिच्या उंचीवर येऊन बोलतो. रायली स्वतःहून ठाण्यात येतो, आपण किती निष्पाप आहोत दाखवायला, आणि तिथल्या इन्स्पेक्टरसमोर बसून खोटं बोलतो, इन्स्पेक्टर आवाज न चढवता ऐकून घेतो. अण्णा म्हणाले हे बरोबर दाखवलंय, खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यायचं असतं, तो स्वतःच भर घालत जातो. मग रायलीचा डायनावरचा संशय, तिचा गळा दाबायचा प्रयत्न, पोलीस घुसतात, आणि गाड्यांचा पाठलाग. या पाठलागात एक गोष्ट खास आहे, पोलिसांच्या गाड्यांना वायरलेसवरून कंट्रोल रूम सूचना देत असते आणि एकेक गाडी रस्ते बंद करत जाते. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही पण तेव्हाच्या बघणाऱ्यांना हे नवीन असणार. गाड्या पडक्या घरांच्या मधून, कोपऱ्यावर घसरत जातात, आणि ते खरे रस्ते आहेत, सेट लावलेला नाहीये, म्हणून काळजात धस्स होतं.

शेवट व्हाईट सिटी स्टेडियमवर होतो, ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीत. हेच ते 1908 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं स्टेडियम, 1985 मध्ये पाडलं. हजारो माणसांच्या गर्दीत रायली घुसतो, आणि पोलिसांना मदत करतात सट्टेवाले बुकी, जे एकमेकांना लांबून हातवारे करून भाव सांगतात, ते त्याच हातवाऱ्यांनी खुनी कुठे चाललाय ते सांगतात. दृश्य म्हणून जबरदस्त आहे, एवढी गर्दी, आणि तिच्यात एका माणसाभोवती जागा कमी कमी होत जाते. पण इथे माझी तक्रार आहे. अख्खं गुन्हेगारी जग पोलिसाच्या खुन्याला पकडायला असं एकदिलाने उभं राहतं हे मला पटत नाही, अण्णांनाही पटलं नाही. ते म्हणाले खबर देतात, पण आपला हिशोब बघून देतात. आणि एकूणच या पिक्चरमधले पोलीस जरा जास्तच स्वच्छ आहेत. एकही शिपाई चिडत नाही, एकही हात उगारत नाही, कुणाची पैशाची ओढाताण नाही. पोलिसांच्या मदतीने आणि पोलिसांना अर्पण करून केलेला पिक्चर आहे, ते जाणवतं.

दुसरी तक्रार डायनाबद्दल. तिला पूर्ण पिक्चरभर किंचाळायला आणि रडायलाच ठेवलंय. सतरा वर्षांची मुलगी घरातून का पळाली, परत घरी नेली तर तिथे काय होणार, हे प्रश्न विचारून सोडून दिलेत. रायलीला जेवढं समजून घेतलं त्याच्या निम्मं तिला घेतलं असतं तर पिक्चर आणखी मोठा झाला असता. त्या काळी तिकडे अशा पोरापोरींसाठी बोर्स्टल म्हणून सुधारगृहं होती, केंटमधल्या बोर्स्टल गावात 1902 मध्ये सुरू झालेली, म्हणून ते नाव. आपल्याकडेही ते नाव आलं, मुंबई प्रांताचा बोर्स्टल शाळांचा कायदा 1929 चा आहे. अण्णांना शब्द ओळखीचा होता, "बोस्टल" म्हणायचे आम्ही, म्हणाले.

एक गोष्ट मला बघून झाल्यावर फार लागून राहिली आणि ती पिक्चरमध्ये नाहीये, कारण ती नंतर घडली. 2 नोव्हेंबर 1952 ला क्रॉयडनमध्ये एका गोदामाच्या छपरावर दोन पोरं चोरी करायला चढली, ख्रिस्तोफर क्रेग 16 वर्षांचा आणि डेरेक बेंटली 19 चा. क्रेगने सिडनी माइल्स नावाच्या शिपायाला गोळी घालून मारलं. त्या वेळी बेंटली आधीच पोलिसांच्या ताब्यात होता. पण क्रेग 18 च्या खाली म्हणून त्याला फाशी देता येत नव्हती, आणि 28 जानेवारी 1953 ला वाँड्सवर्थ जेलमध्ये फाशी दिली ती बेंटलीला, ज्याची समज वयापेक्षा खूप कमी होती. त्याच्या घरच्यांनी किती वर्षं लढावं, त्याची बहीण आयरिस शेवटपर्यंत लढली आणि 1997 मध्ये गेली, आणि जुलै 1998 मध्ये कोर्टाने ती शिक्षा चुकीची म्हणून रद्द केली. एका शिपायाची बायको विधवा झाली, ते दुःख खरं, आणि ज्याने गोळी घातली नाही तो पोरगा फासावर गेला, तेही खरं. 1950 मध्ये थिएटरात रायलीवर चिडलेली गर्दी आणि तीन वर्षांनी बेंटलीच्या फाशीच्या वेळचं वातावरण, यात मला एकच धागा दिसतो. पिक्चरचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण आता बघताना ते डोक्यातून जात नाही, आणि रायलीचा थरथरणारा हात परत परत दिसतो.

हा डिक्सन नुसता या पिक्चरपुरता राहिला नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. पिक्चरमध्ये मेलेल्या माणसाला बीबीसीने 1955 मध्ये टीव्हीवर जिवंत केलं. डिक्सन ऑफ डॉक ग्रीन, जुलै 1955 पासून मे 1976 पर्यंत, 432 भाग, तोच जॅक वॉर्नर, शेवटी तो 80 वर्षांचा झाला होता. पिक्चरची मूळ कल्पना लिहिणाऱ्यांपैकी एक टेड विलिस, त्यानेच ही मालिका काढली. शनिवारी संध्याकाळी डिक्सन निळ्या दिव्याखाली उभा राहून सॅल्यूटसारखा हात करून बघणाऱ्यांना नमस्कार म्हणायचा. त्यातले बहुतेक भाग आता उरलेलेच नाहीत, त्या काळी टेपा जपत नव्हते.

म्हणून 2005 मध्ये बीबीसी रेडिओने त्याच जुन्या स्क्रिप्टवरून परत नाटकं केली हे फार बरं झालं. डेव्हिड काल्डर डिक्सन झालाय आणि पहिल्या खेपेच्या नाटकांत मालिकेतला तरुण शिपाई अँडी क्रॉफर्ड झाला डेव्हिड टेनंट, जो त्याच वर्षी बीबीसीच्या डॉक्टर हू या टीव्ही मालिकेतला डॉक्टर म्हणून सगळ्यांना माहीत झाला. मी त्यातले काही ऐकलेत आणि मला वाटतं पोलिसांची अशी गोष्ट रेडिओवर जास्त शोभते. बीटवरचा शिपाई रात्री बघतो कमी आणि ऐकतो जास्त, हे अण्णांचंच वाक्य आहे, काच फुटल्याचा आवाज, धावणारी पावलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिथे आवाज असायला हवा तिथे नसणं. काल्डरच्या आवाजात वय आहे आणि माया आहे, पण पिक्चरमधल्या वॉर्नरचा तो रांगडेपणा नाही, काल्डर जरा जास्त गुळगुळीत वाटला मला. टेनंट मात्र छान, नव्या भरतीची उतावीळ त्याच्या श्वासात ऐकू येते. इंग्रजी समजायला पिक्चरपेक्षा सोपं आहे, उच्चार स्वच्छ आहेत, सुरवात इथून केली तरी चालेल.

पिक्चरचा शेवट सांगायचा राहिला. सुरवातीला डिक्सनला बीटवर एक माणूस पॅडिंग्टन स्टेशनचा रस्ता विचारतो आणि डिक्सन सांगतो. अगदी शेवटी अँडी मिचेल एकटा बीटवर आहे, कुणीतरी थांबून रस्ता विचारतं, आणि तो तसाच, न अडखळता सांगतो. अण्णा एवढंच म्हणाले, "बीट पाठ झाला पोराला."

रात्री जेवताना मी त्यांना सांगितलं की 1981 मध्ये जॅक वॉर्नर गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा पॅडिंग्टन ग्रीनच्या पोलिसांनी दिला. नट होता तो, एक दिवस नोकरी केली नव्हती पोलिसात. अण्णांनी घास तसाच हातात धरला होता. मग ताटावरून उठले, हात धुतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "परत लाव पहिल्यापासून. या वेळेला मधे थांबवू नकोस, मला कळतंय आता."